आमच्या घरचा दुभाषा

मामा मस्कतहून आला की बॅग उघडल्याबरोबर आधी वास बाहेर यायचा आणि मग वस्तू. साबण, अत्तर, नवं प्लास्टिक असा तो मिश्र वास दीपनगरच्या वीजकेंद्र कॉलनीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये पसरला, की शेजारच्या बायका विरजण मागायच्या निमित्ताने डोकावून जायच्या. आईचा हा धाकटा भाऊ, रत्नाकरमामा, तिकडे एका तेलाच्या कारखान्यात दाब-तापमान मोजणारी यंत्रं सांभाळायचा आणि दोन वर्षांतून एकदा धुळ्याला, माझ्या आजोळी यायचा. तिथून तिसऱ्या दिवशी आमच्याकडे. त्या उन्हाळ्यात त्याने बॅगेच्या तळातून एक चपटं खोकं काढलं आणि पलंगावर ठेवलं. आत नुसत्या कळा होत्या. टाइपरायटरच्या असतात तशा, पण खाली टाइपरायटर नाही. अक्काने, म्हणजे माझ्या आत्याने, ते उचलून उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, "रत्नाकर, बाकीनं कोठे राहिनं?"

"बाकीचं काही नसतं अक्का. हा कॉम्प्युटर आहे. टीव्हीला जोडायचा."

माझा थोरला भाऊ मिलिंद तेव्हा बारावीत जाणार होता आणि घरातल्या सगळ्या वायरींवर त्याचाच हक्क होता. त्याने टीव्हीच्या मागे डोकं घातलं, काहीतरी खुडबुड केली आणि पडद्यावर एक राखाडी चौकोन उमटला. आम्ही सगळे त्या चौकोनाकडे बघत बसलो. मिलिंदने एक कळ दाबली, दुसरी दाबली, मग दहाही बोटं एकदम दाबली. चौकोन ढिम्म. वडील नुकतेच पहिल्या पाळीहून आले होते. त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो. ते डबा हातात धरूनच दारात उभे होते. "बिघडलंय का?" त्यांनी हळूच विचारलं. पाहुण्याने आणलेली वस्तू बिघडलेली निघाली तर मोठ्याने कसं बोलायचं, हा त्यांचा प्रश्न.

मामा डोकं खाजवत हसला. "बिघडलं नाही भाऊजी. याला अजून भाषा नाही." आणि मग त्याने खरी हकिगत सांगितली. या यंत्राच्या बाजूला एक खाच होती. त्या खाचेत काडेपेटीहून थोडी मोठी अशी एक डबी बसवायची. डबीत भाषा असते. यंत्राबरोबर एक डबी मिळते, पण तीन भाषांपैकी कुठली ते आपण सांगायचं. दुकानात मामाला काही सुचेना, विमानाची वेळ झालेली. तेव्हा दुकानदाराने एक चिठ्ठी दिली आणि तिन्ही भाषांच्या तीन पुस्तिका हातात ठेवून सांगितलं, घरच्यांना विचारून या. एकदा नेली की बदलून मिळणार नाही.

"भाषा म्हणजे कशी भाषा?" आईने विचारलं. ती जवळच्या गावात प्राथमिक शाळेत शिकवायची, त्यामुळे भाषा म्हटलं की तिचे कान टवकारत.

"यंत्राला स्वतःला फक्त आकडेच समजतात. आपल्याला ते आकडे जमत नाहीत. मध्ये एक दुभाषा लागतो. आपण एक ओळ बोलायची, त्याने ती लगेच यंत्राला सांगायची आणि यंत्र काय म्हणालं ते आपल्याला."

भाऊंना हे तेवढ्यावर पटलं. "दुभाषा बघूनच घ्यावा," ते म्हणाले. "तो चुकीचा निघाला तर दोन शहाणी माणसंसुद्धा भांडत बसतात."

आज कॉम्प्युटरच्या भाषेला दुभाषा असं कोणी म्हणत नाही. पुढे माझं सगळं आयुष्य कॉम्प्युटरच्याच कामात गेलं, दर दोन-चार वर्षांनी नवी भाषा शिकावी लागली, आणि प्रत्येक वेळी तरुण सहकारी इंग्रजी शब्द तोंडात घोळवत असताना माझ्या मनात मात्र भाऊंचं ते वाक्य येत राहिलं. पण तेव्हा मी नववीतून दहावीत जाणारी, दोन वेण्यांची सुजाता होते आणि माझ्या वाट्याला त्या तीन पुस्तिकांपैकी कोणालाच नको असलेली आली होती, एवढीच माझी या प्रकरणातली सुरुवात.

बेसिकची पुस्तिका मिलिंदने लगेच उचलली. वीजकेंद्रातल्या एका साहेबांच्या मुलाकडे म्हणे बेसिकचाच कॉम्प्युटर होता, आणि जळगावला नुकताच एक क्लास निघाला होता त्यातही तेच शिकवत. लोगोच्या पुस्तिकेवर कासवाचं चित्र होतं, म्हणून ती आईने शाळेसाठी बाजूला ठेवली. उरली ती फोर्थ. पातळ, चित्र नाही, अक्षर बारीक. माझं इंग्रजी यथातथाच, पण सुट्टी होती, आणि मिलिंदकडे काहीतरी असताना माझ्याकडे काहीच नाही ही गोष्ट मला त्या वयात सहन होत नसे. मी शब्दकोश घेतला आणि अंगणात अक्काजवळ जाऊन बसले.

अक्का मला कळायला लागल्यापासून आमच्याच घरात होती. शिरपूरकडच्या एका खेड्यात तिचं सासर. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा भाऊ जाऊन तिला घेऊन आले. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. जन्मभर कापूस वेचला होता, आणि कॉलनीत येऊन इतकी वर्षं झाली तरी तिची अहिराणी एका अक्षराने बदलली नव्हती. वीजकेंद्राची घरघर दिवसभर चालायची, पाळी बदलताना भोंगा व्हायचा, कोळशाच्या वाघिणी एकमेकींवर आपटायच्या, आणि या सगळ्याच्या वर अक्काचा आवाज. बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, हंगाम होता. भिजवून दळलेली ज्वारी मोठ्या पातेल्यात लसूण, तीळ, मिरची घालून ती शिजवायची आणि ते गरम पीठ ओल्या धोतरावर पाण्याच्या हाताने थापत जायची. वाळायला टाकण्याआधी त्यातलाच एक गोळा तेल घालून आम्हाला खायला मिळायचा. बिबड्या वाळेपर्यंत कोळशाची भुकटी बसू नये म्हणून वर आईची जुनी साडी ताणलेली असे. त्या साडीच्या सावलीत मी पुस्तिका वाचू लागले.

पहिल्या दोन दिवसांत मला एवढंच समजलं की हे काहीतरी उलटं आहे. मिलिंदच्या पुस्तिकेत तीन अधिक चार दाखवायचे असतील तर आधी लिहायचं 'प्रिंट', म्हणजे दाखव, आणि मग तीन अधिक चार. माझ्या पुस्तिकेत आधी तीन, मग चार, मग अधिकचं चिन्ह, आणि शेवटी एक टिंब. टिंब म्हणजे दाखव. "हे बघ ना अक्का," मी वैतागून म्हणाले, "तीन म्हणायचं, चार म्हणायचं, मग म्हणायचं मिळव, मग दाखव. असं कुठे असतं का?"

अक्काचा हात थांबला नाही. "मंग कसं ऱ्हास? तीन, चार, एकजागे कर, दखाड. बरोबर ते शे. पहिले वस्तू ले, मंग काम सांग. मी तुले म्हणस का, कालव, पीठ, मीठ? मी म्हणस, पीठ ले, मीठ ले, कालव."

मी पुस्तिकेकडे बघितलं. तीन, चार, अधिक, टिंब. तीन, चार, एकजागे कर, दखाड. चार शब्दांना चार शब्द, त्याच क्रमाने. इंग्रजीत क्रियापद मध्येच येतं आणि हुकूम असेल तर सुरुवातीलाच, हे आम्हाला शाळेत इतकं घोकून घेतलं होतं की आपलं क्रियापद शेवटी येतं हे मी विसरूनच गेले होते. अक्का विसरली नव्हती, कारण तिला दुसरं काही माहीतच नव्हतं.

"हाई मशीन ते आपलासारखं बोलस," ती म्हणाली आणि पुढची बिबडी थापली.

त्यानंतर मी झपाटल्यासारखी वाचत सुटले. आकडे एकावर एक रचले जातात आणि सगळ्यात वरचा आधी उचलला जातो, असं एक प्रकरण होतं. शब्दकोशाने मला तिथे काही मदत केली नाही. अक्का म्हणाली, "भाकरीनी चवड." खालची भाकरी ओढायला गेलं तर चवड पडते, वरचीच घ्यावी लागते. झालं, प्रकरण संपलं. आणि सगळ्यात नवलाची गोष्ट शेवटी होती. या भाषेला आपण नवे शब्द शिकवू शकतो. एकदा शब्दाचा अर्थ सांगितला की तो तिच्याच जुन्या शब्दांसारखा होऊन बसतो. शब्द कोणता हवा याला काही बंधन नव्हतं, फक्त अक्षरं रोमन.

मामाने परत जायच्या आधी एकच नाव कागदावर लिहून मागितलं होतं. भाऊंच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, दुपारचं जेवण झाल्यावर, त्यांनी सगळ्यांना चटईवर बसवलं. वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाऊन सगळे सुस्तावले होते, पण मिलिंद तयारीत होता. त्याने मुद्देच लिहून आणले होते. बेसिक सगळीकडे आहे, पुस्तकं मिळतात, अडलं तर विचारायला माणूस मिळतो, पुढे पॉलिटेक्निकला उपयोगी पडेल. प्रत्येक मुद्दा खरा होता. मी उभी राहिले आणि "फोर्थ मराठीसारखी आहे," एवढंच म्हणून खाली बसले. मिलिंद खो खो हसला. भाऊ बेसिकच्या बाजूने. अक्काने हात वर करून सांगितलं, "मी पोरनी बाजूले." दोनास दोन. सगळ्यांनी आईकडे पाहिलं.

आईने तिथल्या तिथे निकाल दिला नाही. ती म्हणाली, "दोघांनी पुस्तिका बदला. आठ दिवसांनी परत बसू."

शिक्षिकेच्या पोटी जन्मल्याचे तोटे असतात. मी तोंड वाकडं करून बेसिक वाचायला घेतली आणि तिसऱ्या दिवशी मला ती आवडायला लागली. सोपी होती, प्रेमळ होती, पायरी पायरीने हात धरून न्यायची. चूक झाली तर कुठल्या ओळीत झाली तेही ती सांगते, असं लिहिलं होतं. मला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं, कारण मी इतक्या आवेशाने ज्याची बाजू घेतली होती तेच आता मला अवघड आणि एकलकोंडं वाटायला लागलं. तिकडे मिलिंदचं उलटच झालं होतं. या यंत्राच्या डोक्यात पुस्तकाची जेमतेम दोन-तीन पानं मावतील एवढीच जागा होती, आणि फोर्थ त्या जागेत दुप्पट संसार मांडते, शिवाय कितीतरी वेगाने पळते, हे त्याने पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर शोधून काढलं होतं. आठ दिवसांनी चटईवर बसलो तेव्हा मी म्हणाले, "बेसिकच घेऊ," आणि मिलिंद त्याच क्षणी म्हणाला, "फोर्थ घेऊ."

भाऊ दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. अक्का माझ्यावर चिडली. "फिरनी! माले एकटीले सोडीसन फिरनी!"

आता आईचं मत. ती पदराने चष्मा पुसत होती. "मिलिंद जळगावच्या क्लासला जाणारच आहे," ती म्हणाली. "बेसिक तिथे शिकेल. जे हॉटेलात मिळतं ते घरी कशाला रांधायचं? घरी आपल्याला जे बाहेर मिळणार नाही ते करू. आणि सुजा, तू पहिल्यांदा जे बोललीस ते तुझ्या डोक्यातून आलं होतं. आता बोललीस ते भीतीतून."

मी फोर्थची पुस्तिका परत मागून घेतली. मामाने चिठ्ठीवर फोर्थ लिहिलं आणि "पस्तावाल," असं प्रेमाने सांगून तो गेला.

डबी यायला दिवाळी उजाडली. मामाचा एक सहकारी सुट्टीवर आला होता, त्याने ती धुळ्याला पोचवली आणि भाऊ एका दिवसात जाऊन घेऊन आले. खाचेत बसवली, टीव्ही लावला. मी तीन, चार, अधिक, टिंब अशा कळा दाबल्या. पडद्यावर सात उमटलं आणि त्याच्या पुढे दोन इंग्रजी अक्षरं, ओके. ही भाषा प्रत्येक काम झालं की ओके म्हणायची. अक्काला मी वाचून दाखवलं, तर तिने पडद्याकडे बघून मान डोलावली, एखाद्या चांगल्या वळणाच्या सुनेकडे बघावं तशी.

पस्तावा मात्र आला, मामाने सांगितला होता तसाच. आमचे आठवडेच्या आठवडे फुकट गेले. या भाषेत शब्दाचा अर्थ लिहिताना जरा चूक झाली की ती काही सांगत नसे, पडद्यावर वेड्यावाकड्या खुणांचा पाऊस पडायचा आणि यंत्र बंद करून पहिल्यापासून सुरू करावं लागायचं. विचारायला कोणी नाही. साहेबांचा मुलगा एकदा येऊन बघून गेला आणि त्याने कॉलनीभर सांगितलं, यांच्याकडचा कॉम्प्युटर उलटं बोलतो. मिलिंद क्लासहून येऊन तिथली गंमत सांगायचा आणि मग आमच्या यंत्रासमोर बसून कपाळाला हात लावायचा. पण फोर्थचं खूळ मुळात माझं, असं तो एकदाही म्हणाला नाही. म्हणाला असता तर मला सोपं गेलं असतं. न म्हणण्यामुळे मी रोज शाळेतून आले की दप्तर टाकून यंत्रापुढे बसायची.

हळूहळू जमलं. पहिला शब्द आम्ही शिकवला तो 'दखाड'. टिंबाच्या जागी. मग 'एकजागे'. मग आईच्या शाळेसाठी 'पाढा'. सात लिहायचं, पुढे पाढा लिहायचं, की सातचा पाढा धावत पडद्यावर यायचा. सातचा पाढा. आपण जसं म्हणतो तसंच. मग 'चाल', 'फिर', 'थांब', आणि एक ठिपका पडद्यावर चालायचा, फिरायचा, थांबायचा. न कळणारा शब्द टाकला, किंवा आकडा न देताच काम सांगितलं, तर यंत्र तो शब्द परत लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढायचं. अक्का म्हणायची, "त्याले समजनं नही, समजाडीसन सांग." तिने कधी कळफलकाला हात लावला नाही, पण पलंगावर बसून हुकूम तीच सोडायची. ती बोलायची तसं मी लिहीत जायची आणि ठिपका ऐकायचा. यंत्र बंद केलं की ते शिकवलेलं विसरायचं, म्हणून सगळे शब्द आम्ही भाऊंच्या टेपरेकॉर्डरवर कॅसेटमध्ये साठवून ठेवत असू. ती कॅसेट लावली की किर्र असा रातकिड्यांसारखा आवाज यायचा आणि शब्द परत यंत्रात जाऊन बसायचे.

त्या हिवाळ्यात धुळ्याच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. शाळा आजोळहून गावाच्या दुसऱ्या टोकाला. मामाच्या ओळखीने आम्हाला एक टेबल आणि शाळेचा टीव्ही मिळाला. मी आणि मिलिंद जाणार होतो. अक्का म्हणाली, मी बी येस. कशाला, तर, "मशीनले कोणी काही बोलनं तर?" तिला न्यावंच लागलं.

आमच्या टेबलाच्या एका बाजूला मातीचा ज्वालामुखी होता, दुसऱ्या बाजूला गोबरगॅस. आम्ही पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, 'मराठी क्रमाने चालणारा संगणक'. सकाळपासून गर्दी होती. शाळेच्या मागच्या वस्तीतल्या बायका लेकरं घेऊन आल्या होत्या, पिंपळनेरकडची आश्रमशाळेची पोरं रांगेने फिरत होती. अक्का स्टुलावर बसून आवाज द्यायची, "चाल! फिर!" मी शब्द लिहायची आणि ठिपका हलला की पोरं ओरडायची. मग परीक्षक आले. निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक, पांढरा सदरा, हातात छत्री. सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांनी सगळं बघून घेतलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"बाळ, कॉम्प्युटरची भाषा इंग्रजी असते. हे तू आधीच भरून आणलंयस. अमुक लिहिलं की तमुक हलायचं. ही करमणूक झाली, विज्ञान नाही."

मी सांगायला लागले, पण ते ऐकायला थांबले नाहीत. नाना पुढे जायला वळले आणि त्यांच्या छत्रीचा आकडा टेबलामागच्या वायरीत अडकला. यंत्राची पिन निघाली. टीव्ही चालूच राहिला, पण पडद्यावरचा ठिपका गेला. आमचे सगळे शब्द गेले.

"टेप," मिलिंद म्हणाला.

"तू घेतलास ना?"

"मला वाटलं तू घेतलास."

आदल्या संध्याकाळी कॅसेटवरून शब्द भरून यंत्र रात्रभर चालूच ठेवलं होतं आणि टेपरेकॉर्डर आजोळी नेला होता, तो पलंगाखालीच राहिला. नाना फार शरमले. छत्री दोन्ही हातांत धरून, "माझ्यामुळे झालं," असं पुन्हा पुन्हा म्हणू लागले. माझे डोळे भरून आले होते, पण अक्काला काही विशेष झालंय असं वाटलंच नाही. "रडस काय? परत शिकाड त्याले," ती म्हणाली. "कालदिन शिकाडं, आज बी शिकाड."

मिलिंदने पिन लावली. मी बसले. नाना हलले नाहीत, त्यांना जाववेना. त्यांच्या डोळ्यांसमोर मी 'दखाड' लिहिलं, अर्थ सांगितला, ओके आलं. 'एकजागे' शिकवलं, ओके आलं. तीन, चार, एकजागे, दखाड. सात. मागे गर्दी जमली होती, पण कोणी ओरडत नव्हतं. नाना खाली वाकून पडद्याजवळ आले.

"थांब," ते म्हणाले. "हे शब्द तू आत्ता शिकवलेस?"

"हो."

"मी सांगेन तो शब्द शिकेल?"

मी मिलिंदकडे बघितलं. तो म्हणाला, "सांगा सर."

"वर्ग. संख्येचा वर्ग."

मिलिंद मला खुणेने पायऱ्या दाखवू लागला, पण मला आठवत होतं. चवडीवरच्या आकड्याची आणखी एक प्रत वर ठेव, मग दोघांचा गुणाकार कर. याचं नाव वर्ग. ओके. नानांनी छत्री मिलिंदच्या हातात दिली आणि माझ्या शेजारी बसून स्वतः एका बोटाने कळा दाबल्या. वर्ग. मग बारा. मग दखाड. पडद्यावर प्रश्नचिन्ह आलं. त्यांनी पुन्हा तसंच केलं, पुन्हा प्रश्नचिन्ह.

"गुरुजी," मागून अक्का म्हणाली, "तुम्ही कामच पहिले सांगी दिधं. त्यान्हा हातमा काहीच नही, तो कशाना वर्ग करी? पहिले बारा द्या त्याले. मंग वर्ग. मंग दखाड."

नानांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. अक्काने हिरव्या काठाचं जुनं लुगडं नेसलं होतं, पायात चपला नव्हत्या, त्या तिने दाराशी काढून ठेवल्या होत्या, कारण शाळेत चपला घालून जायचं नसतं असं तिला वाटायचं. "बारा," नाना मोठ्याने म्हणाले आणि लिहिलं. "वर्ग. दखाड." एकशे चव्वेचाळीस. ओके. मागच्या गर्दीतून कोणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. नाना वीसचा वर्ग काढू लागले, मग एकतीसचा. त्यांना उठवायला शाळेच्या शिपायाला यावं लागलं.

बक्षीस ज्वालामुखीला मिळालं. धूर खरा होता, त्यामुळे आमची तक्रार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोळच्या ओट्यावर सायकल टेकवल्याचा आवाज आला. नाना होते, हातात दोनशे पानी वही. पुस्तिका उतरवून घेऊ का, असं त्यांनी मला विचारलं. मला. आजीने त्यांना चटई टाकून दिली आणि ते सकाळभर शाईच्या पेनाने लिहीत बसले. दुपारी त्यांना जेवायला बसवलं. शेवभाजी आजीच्या हातची, म्हणजे जाळच. नाना नाक पुसत जेवले आणि हात धुऊन परत लिहायला बसले. आमची बस चारची. तीनला ते अर्ध्यावरसुद्धा पोचले नव्हते. मी पुस्तिका त्यांच्या वहीवर ठेवली आणि म्हणाले, "राहू द्या तुमच्याकडे." मिलिंदने माझ्याकडे चमकून बघितलं. महिन्याभराने ती रजिस्टर टपालाने परत आली. एका पानावर छापण्यातली एक चूक होती, जिच्यामुळे आमचे आठ दिवस फुकट गेले होते. ती त्यांनी पेन्सिलीने बारीक अक्षरात दुरुस्त केली होती. शेजारी लिहिलं होतं, 'चि. सुजाताने खात्री करून घ्यावी.' आजवर मला अनेकांनी काम तपासायला दिलं, पण खात्री करून घ्यायला असं पहिल्यांदा मला नानांनी सांगितलं.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये गर्दी होती. पारोळ्यापर्यंत मिलिंद उभाच होता, यंत्राचं खोकं छातीशी धरून. अक्काला आणि मला जागा मिळाली होती. शेजारी मेथीच्या जुड्यांची टोपली मांडीवर घेतलेली एक बाई बसली होती. तिने खोक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि अक्काला विचारलं, "पोर काय करस?"

ती दहावीला आहे, असं अक्का म्हणेल म्हणून मी वाट बघत होते. अक्काने पदर सावरला.

"मन्ही भाची शे," ती म्हणाली, बसमधल्या पुढच्या चार बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात. "मशीनले आपली बोली शिकाडस."

पुढे माझ्या नावापुढे बरीच पदं लागली. एकाही पदाने मी काय करते ते इतकं नीट सांगितलं नाही. त्या बाईने मात्र पटकन टोपली बाजूला सारली आणि माझा हात धरला.

"मंग माय, एक दिन मन्हा घर बी ये," ती म्हणाली. "मन्हा नवराले बी शिकाड. पंधरा वरीस व्हयनात, मन्हं काहीच समजत नही त्याले!"

अख्खी बस हसली. कंडक्टरसुद्धा तिकिटं फाडता फाडता थांबला. आणि अक्काने हसू दाबून, अगदी गंभीरपणे, तिला आमच्या क्वार्टरचा नंबर सांगायला सुरुवात केली.